हँडलची उंची

"हे नको," कमळाकरने दोरी सोडून दिली. "आवाज फाटका हाय."

गवत कापायचं ते तिसरं मशीन. लाल, चकचकीत, आणि दुकानदार प्रितेशच्या म्हणण्यानुसार सगळ्यात जास्त खपणारं. बिचाऱ्याने ते परत आत ढकललं.

एफ्राइमने मान डोलावली. इंजिनातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून तर तो शेजाऱ्याला घेऊन आला होता. तीस वर्षं एफ्राइमने उरणच्या बंदरात कागद सांभाळले आणि कमळाकरने लाँच चालवली. पुढे दोघांनी पनवेलात कुंपणाला कुंपण लावून घरं बांधली.

"विजेवरचं दाखवू का, काका? वजनाला हलकं आहे," प्रितेशने विचारलं.

"आन वायर पात्याखाली आली म्हंजे?" कमळाकर म्हणाला. "पेट्रोलचंच दाखव. चार स्ट्रोकचं. पेट्रोलात ऑइल मिसळायची कटकट नको. एकदा माप चुकलं की इंजिनाची वाट."

"आणि दहा वर्षं टिकायला हवं," एफ्राइमने हळूच जोड दिली.

दहा वर्षं. कमळाकरला ऐकूनच बरं वाटलं. गेला पंधरवडाभर त्याच्या जिवाला घोर लागला होता. आधी एफ्राइमकडे रंगारी आले. घर विकायचं तर रंग काढतातच. मग माडीवरच्या खोलीतलं मोठं कपाट बाहेर निघालं आणि कमळाकरच्या सुनेला, किशोरीला देऊन टाकलं. एफ्राइमची बायको, झिल्पावहिनी, इतकी वर्षं बिनसाखरेचा चहा घ्यायच्या. डॉक्टरने सांगितलं असेल, असं कमळाकर धरून चालला होता. परवा त्यांनी स्वतःच्या कपात दोन चमचे साखर घातली. जाताना कसलं पथ्य, असं त्याच्या मनात आलं.

आणि काल मलिद्याचं बोलावणं. गुरुवारी संध्याकाळी.

गल्लीतल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरांतला मलिदा कमळाकरने कधी चुकवला नव्हता. गूळखोबरं घातलेले पोहे, फळं, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेऊन म्हटलेली प्रार्थना. पण एफ्राइमचा भाऊ शमुएल याच्याकडे मलिदा झाला आणि आठवड्यात दाराला कुलूप लावून तो इस्रायलला गेला. एफ्राइमची मुलगी आयाला हीसुद्धा तशीच गेली. अकरा वर्षांपूर्वी मुलगा इलान इस्रायलला निघाला, तेव्हा कमळाकरने मलिद्याचं ताट तसंच बाजूला ठेवलं होतं. या गल्लीत मलिदा झाला की एक माणूस कमी होतो, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आता उरलं होतं एफ्राइमचं एकच घर.

म्हणून आज सकाळी "मशीन घ्यायला चल" अशी हाक आली तेव्हा तो हरखला. झिल्पावहिनींनी दिलेला इलानचा जुना निळा शर्ट कपाटातून काढून घातला. दोघांची अंगकाठी एकच, त्यामुळे त्याच्याच मापाने शिवल्यासारखा बसायचा तो. जाणारा माणूस गवताची काळजी कशाला करेल?

प्रितेशने हिरवं मशीन आणलं. कमळाकरने दोरी ओढली, दुसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं. त्याने हँडलवर तळवा ठेवून डोळे मिटले.

"हे घे," तो म्हणाला. "लाँचवर असं इंजिन असतं तर मी रिटायरच झालो नसतो."

"ढकलून बघ जरा," एफ्राइम म्हणाला.

कमळाकर फरशीवरून एक फेरी मारून आला. एफ्राइम एका बाजूला उभा राहून त्याच्या पाठीकडे बघत होता.

"त्याला वाकायला लागतंय. हँडल दोन खाचा वर घ्या," त्याने प्रितेशला सांगितलं.

"काका, मग तुमच्या तर छातीला येईल ते."

"माझं सोडा. याच्या मापाने करा."

कमळाकरने इंजिन बंद केलं. म्हणजे हे असं होतं तर. मशीन इथे राहणार होतं आणि माणूस जाणार होता. सकाळपासूनचा आनंद गेला कुठल्या कुठे, आणि रागाने त्याने मशीन प्रितेशकडे ढकललं.

"मी नाय चालवणार," तो म्हणाला.

"काय झालं?"

"तू जा खुशाल. पण तुझ्या बंद घराचं गवत मी कापायचं? रोज ते कुलूप बघायचं, आन वर हे मशीन ढकलायचं? दुसरा कोण तरी बघ. मला नाय जमणार, एफ्राइम."

प्रितेश खाली वाकून पाना शोधायला लागला.

एफ्राइमने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. "गुरुवारपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही, असं झिल्पाने बजावलंय मला," तो म्हणाला.

"बोलायला काय उरलंय? मलिदा काय उगाच हाय?"

"उगाच नाही," एफ्राइम म्हणाला. मग प्रितेशकडे वळला. "हँडल वर घ्या. आणि हेच द्या."

कमळाकर पायरीवर जाऊन बसला. तसंच उठून घरी जावं असं त्याला वाटलं. पण एवढं जड मशीन एफ्राइम एकटा टेम्पोत कसं चढवणार, म्हणून थांबला. आतून खाचांचा खटखट आवाज आला.

प्रितेश वॉरंटीचं कार्ड घेऊन बाहेर आला. "नाव कोणाचं लिहू, काका?"

एफ्राइम कमळाकरच्या मागे येऊन उभा राहिला आणि त्याने त्या निळ्या शर्टाची दुमडलेली कॉलर सरळ केली. "इलान एफ्राइम," तो म्हणाला. "पत्ता आमचाच."

"आणि फोन?"

"इथला अजून नाही त्याच्याकडे. बुधवारी उतरला की घेईल. बायकोमुलांना घेऊन कायमचा परत येतोय. अकरा वर्षं त्याच्यासाठी झिल्पाने साखर सोडली होती, परवा तिकिटं आली तेव्हा कुठे घेतली; गुरुवारी तोच नवस फेडायचाय."