राहुकाळ

क्षमाने चेन्नईतल्या अंबत्तूरच्या नव्या शेडचं वेळापत्रक पहिल्यांदाच एकटीने केलं होतं. स्लॅबखालचे टेकू काढायच्या आधी तिने चौदा दिवस ठेवले होते. तिच्या साहेबांनी, शेषाद्रीरावांनी, ते खोडून सात केले.

"सर, काँक्रीटला तेवढे दिवस लागतातच."

"उद्घाटन शुक्रवारी. तो चुकला की आडी महिना लागतो, त्यात इथे कुणी शुभकार्य करत नाही. आधी शेवटची तारीख धरायची आणि मग मागे मागे यायचं. प्लॅनिंग शिकायचंय ना तुला?"

शुक्रवारी पाहुणे वाहतुकीत अडकले आणि साडेदहाला पोचले. तोवर राहुकाळ लागला होता.

"बारापर्यंत थांबू," शेषाद्रीराव म्हणाले. "दीड तासाने काय बिघडतं?"

सगळे बाहेर मांडवात कॉफी पीत बसले. पावणेबाराला स्लॅब खाली आला. आत फक्त फुलांच्या माळा बांधणारे दोघे होते.

संध्याकाळी शेषाद्रीरावांनी देवाला हात जोडले. "राहुकाळ पाळला म्हणून सगळे वाचलो," ते क्षमाला म्हणाले. "पुढच्या वेळापत्रकात तो आधीच धरत जा."