उमरखेड ते मेलबर्न, मार्गे नागपूर

“साडेनऊ हजार किलोमीटर. दोन विमानं बदलून एकवीस तास,” नागपूर विमानतळाच्या दारात डोमाजीनं बायकोला सांगितलं. हे तो सकाळपासून सातव्यांदा सांगत होता. उमरखेडच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून त्याची उभी हयात गेली होती. कुठली गाडी किती किलोमीटर जाते, किती वाजता पोचते, हे त्याला झोपेतून उठवून विचारावं. मेलबर्नचाही त्यानं महिनाभर अभ्यास केला होता.

मेलबर्नला त्याची लेक दीपा होती. पहिलं बाळंतपण, दिवस भरत आलेले आणि जवळ माहेरचं कुणी नाही. तिनं आईबापाची तिकिटं पाठवली होती.

दारातल्या जवानानं पासपोर्ट मागितला आणि डोमाजी दोन पावलं मागं सरला. विमान जमिनीपासून अकरा किलोमीटर वर असतं, हा एक आकडा त्यानं बायकोपासून लपवला होता. त्याचा गुडघा एकाएकी दुखू लागला. मग घर एकटं पडेल, हे आठवलं. मग तुरीची राखण आठवली. तूर तर त्यानं यंदा पेरलीच नव्हती.

“आपण वापस जाऊ,” तो म्हणाला. “तुले एकटीले तं हे जमणार नाही.”

सदतीस वर्षांच्या संसारात सत्यभामा एकटी कधी जवळच्या पुसदच्या पुढं गेली नव्हती. तिनं नवऱ्याकडं नीट पाहिलं. त्याच्या हातातली बॅग घेतली आणि हातावर घराची किल्ली ठेवली.

“तुम्ही मोजत राहा,” ती म्हणाली. “मी जाऊन येतो.”

आणि ती गेली. डोमाजी बसनं उमरखेडला परतला. वाटेत सहा तास तो खिडकीतून आभाळाकडं पाहत होता. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. सत्यभामा पोचली होती. दीपा गळ्यात पडून रडली होती. मधे विमानं कशी बदललीस, असं त्यानं विचारलं.

“इचारत इचारत,” ती म्हणाली. “किती दूर हाय, हे मले कुठी ध्यानात होतं? म्हणून भेव नाही वाटलं.”

डोमाजी अर्ध्या तासापासून स्वयंपाकघरात अडकून पडला होता आणि गॅसवर चहाचं पाणी आटत चाललं होतं. पुढचं तो आता बसस्टँडवर स्वतःच सांगतो, वर ऐकणाऱ्याला चहाही पाजतो.

“साखर कुठी ठेवते तू?” त्यानं हळूच विचारलं.

साडेनऊ हजार किलोमीटरवरून बायकोनं सांगितलं, समोरच्या फळीवर, पितळी डब्यात. डोमाजीनं हात पुढं केला.

अंतर दीड हात. लागलेला वेळ, सदतीस वर्षं.