जानकीचा दहावा

कावळे समोरच होते. खाडीकाठच्या उंडीच्या झाडावर बसून खाली केळीच्या पानावर ठेवलेल्या पिंडाकडे बघत होते. उतरत मात्र एकही नव्हता.

जानकीचा नवरा सत्यवान ओल्या धोतराने हात जोडून उभा होता. ऊन डोक्यावर आलं होतं.

"काही राहिलं असेल तिचं," भटजी म्हणाले. "आपल्या माणसाने बोलावं. त्याशिवाय शिवायचा नाही."

जानकीचा थोरला भाऊ पुढे झाला. त्याला सगळेच भाई म्हणत. "जानके, तुझो सत्यनारायण रवलो. मी घालतंय. ये गो."

सगळे मागे सरले. कावळे हलले नाहीत.

"तिका खाजा आवडायचा," कोणीतरी म्हणालं. लगेच एकजण बाजारात धावला आणि गुळाचं खाजं घेऊन आला. पानावर तेही ठेवून झालं. कावळ्यांनी माना वळवून पाहिलं, तेवढंच.

"खाजा कित्याक ठेवतास?" मागून आवाज आला.

सत्यवानची थोरली बहीण अक्का माडाखाली बसली होती. दहाव्याला बायकांनी खाडीवर यायचं नसतं. तरी ती आली होती, आणि तिला घरी जा म्हणायची कोणाची छाती झाली नव्हती. घरात त्या दोघीच असत, अक्का आणि जानकी.

"सत्या, तिका काय व्हया होता ता तुका ठावक आसा."

त्याला ठाऊक होतं. तिला मुंबईला यायचं होतं. सत्यवान तिथे एका कंपनीत डब्यांचे, बाटल्यांचे आकार ठरवायचा, त्यांच्यावरची चित्रं काढायचा. राहायला जागा नव्हती. रात्री ड्रॉइंगच्या टेबलाखाली पथारी टाकायचा. गणपतीला घरी आला की दर वर्षी सांगायचा, जरा वर चढू दे, मग नेतो. आता त्याला वर चढवलं होतं. डिझाइन विभागाचा प्रमुख. हाताखाली माणसं, राहायला दोन खोल्या. ते सांगायला तो एशियाड गाडीने आला आणि कणकवलीच्या स्टँडवर उतरला, तर समोर भाई उभा. जानकी काविळीने आदल्या रात्रीच गेली होती.

"आता खंय नेतलो तिका?" भाई म्हणाला. "आता एकटेच बसतले साहेब. सोमवारपासून."

"भाई, हय नको," कोणीतरी म्हणालं.

"हयच व्हया. बोल सत्यवाना. ती जागा घेवचंय नाय म्हणान बोल. ज्याच्यासाठी तिका हय ठेवलंस, ता सोड. मगे बघ कावळो येता की नाय."

सत्यवानने पिंडाकडे बघितलं. सोमवारी कामावर नाही गेला तर प्रमुखाची ती जागा दुसऱ्याला मिळणार होती, आणि तशी जागा आयुष्यात परत येणार नव्हती.

"जानकी," तो म्हणाला, "मी ती जागा घेवचंय नाय. मुंबयक जावचंय नाय. हयच रवतलंय, घरात."

तो खरं बोलत होता. कावळा शिवला असता तर तो राहिलाच असता.

एक कावळा खाली उतरला. तो टुणटुणत पानाजवळ गेला, मान तिरकी करून थांबला, आणि पिंडाला न शिवता उडाला. खाडीपलीकडे दिसेनासा झाला. त्याच्यामागून बाकीचेही गेले. उंडीवर काही उरलं नाही.

"ता पण नको तिका," अक्का म्हणाली.

भाईने मान खाली घातली. भटजींनी सूर्याकडे पाहिलं. "दर्भाचा करू. शास्त्रात सोय आहे." त्यांनी चार काड्या घेतल्या, दुमडल्या, एक गाठ मारली. "हा कावळा. लावा पिंडाला."

सत्यवानने तो हातात घेतला. नुसती गाठ होती. त्याने ती सोडवली.

"अहो, उशीर होतोय," भटजी म्हणाले.

त्याला ऐकू आलं नाही. काड्या खाडीच्या पाण्यात भिजवून त्याने नरम केल्या. आणखी थोडा दर्भ ओढून घेतला. आधी मान झाली, मग चोच. मग मिटलेले पंख. शेपटीसाठी त्याने काड्यांची टोकं दाताने चिरली. माणसं भोवती गोळा झाली. भाईसुद्धा वाकून बघायला लागला.

"मेल्या, ह्यो उडात आता," कोणीतरी पुटपुटलं. कोणी हसलं नाही.

कावळा पुरा झाला. सत्यवानने तो तळहातावर उभा केला, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, एवढा वेळ जानकी त्याच्या मनात नव्हती. ती गेल्यापासून पहिल्यांदाच.

अक्का उठून जवळ आली होती. कावळ्याकडे बघत राहिली.

"असा काय तिका कधी करून दाखयलंस रे?"

त्याने मान हलवली. नाही.

"लावा आता," भटजी म्हणाले.

त्याने चोच पिंडाला टेकवली. भटजी "झालं" म्हणाले. माणसं सुटल्यासारखी बोलायला लागली, हातपाय धुवायला पाण्याकडे गेली.

"सोमवारी जा तू," अक्का म्हणाली. "तुका कोण धरून ठेवचा नाय." आणि तीही वळली.

पिंडाला टेकलेला कावळा एका अंगाला कलला होता. डावा पंख जरा खाली आला होता. सत्यवानने वाकून तो सारखा केला. दोन पावलं मागे सरून, डोळे बारीक करून बघितलं, आणि पुन्हा वाकला.