केळीचा चीक

“नको,” मंदाबाई फोनवर म्हणाली. “पैसा तू झुलालशेठना दुकानवरच धाड.”

मस्कतच्या खोलीत प्रशीलने कपाळाला हात लावला. आठवडाभर त्याने सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. बँकेतून पाठवले तर बँक मध्येच कापून घेते. इथल्या काउंटरवरून पाठवले तर रेट पडका, वर फी. शिवाय गावात ती रोकड हातात द्यायचं काम झुलालशेठच्या दुकानात, म्हणजे त्याचंही कमिशन आलं. आता मोबाइलवरच्या ॲपने पैसे सरळ मायच्या खात्यात पडणार होते, जवळजवळ फुकटात.

खरं सांगायचं तर वाचणाऱ्या पैशांसाठी तो एवढा पेटला नव्हता. त्याला झुलालशेठचं कमिशन तोडायचं होतं.

शिंदखेडा तालुक्यातलं, तापीकाठचं त्यांचं गाव. लहानपणी प्रशील मायचं बोट धरून शेठच्या किराणा दुकानात जायचा. दुकानात म्हणजे पायरीपर्यंत. बौद्धवाड्यातल्या माणसाने पायरीखाली उभं राहायचं. माय पदर पसरायची. शेठ वरून साखरेची पुडी टाकायचा, वरूनच सुटे पैसे टाकायचा. हाताला हात लागता कामा नये. एकदा एक नाणं पदराबाहेर उडून गटारीत पडलं. मायने गटारीत कोपरापर्यंत हात घातला आणि शेठ गल्ल्यावर बसून खो खो हसला. ते हसणं प्रशीलने मस्कतपर्यंत सोबत नेलं होतं. आता त्या हसण्याचा हिशोब चुकता करायची संधी आली, तर माय नको म्हणते! एवढं सोसूनही हिला त्या माणसाचा पुळका कसला, हेच त्याला कळेना.

सुट्टीवर यायच्या आधी त्याने मुद्दाम शेवटचे पैसे दुकानावर पाठवले. आपण स्वतः मायसोबत जायचं आणि शेठच्या तोंडावर सांगायचं, ‘शेठ, आजपासून तुमचं दुकान आम्हाला बंद.’ विमानात त्याने हे वाक्य घोकून पाठ केलं.

गावी आल्यावर दोघं दुकानाला निघताना मंदाबाई क्षणभर परसात जाऊन आली. नवं लुगडं नेसली होती, चालीत ताठा होता. प्रशीलला वाटलं, लेक सोबत आहे म्हणून असेल.

“या मंदाबाई, बसा,” झुलालशेठ म्हणाला. पूर्वी तो तिला ‘ए मंदे’ म्हणायचा. आता पायरी चढून आत स्टुलावर बसायचं होतं, कारण अंगठ्याचं मशीन आत होतं. बाकावर पैसे काढायला आलेली चार माणसं बसली होती. मंदाबाईने अंगठा टेकवला. मशीनने तांबडा दिवा दाखवला. पुन्हा टेकवला. पुन्हा तांबडा.

“परत चीक लायी आनात ना!” शेठ करवादला. त्याने गल्ल्याखालून खोबरेल तेलाची बाटली काढली, चष्मा सावरला आणि मंदाबाईचा हात स्वतःच्या हातात घेतला. अंगठ्यावर तेल टाकून तो चोळू लागला. केळीचा चीक काही पाण्याने निघत नाही. शेठ चोळत होता, फडक्याने पुसत होता, फुंकर घालत होता, अंगठा दोन्ही हातांनी धरून मशीनवर दाबत होता. त्याच्या कपाळावर घाम आला. बाकावरची माणसं बघत होती. मंदाबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

“केळीना कामले जानं सोडा आते,” शेठ म्हणाला. “पोऱ्या परदेशमा शे ना?”

“सवय जात नही, शेठ.”

मायची मजुरी बंद व्हावी म्हणूनच तर प्रशील परदेशात गेला होता. आणि ही अजून लोकांच्या बागेत घड वाहते? पाठ केलेलं वाक्य तो विसरूनच गेला. अखेर हिरवा दिवा लागला. शेठने पैसे मंदाबाईच्या हातात दिले आणि प्रशील मान खाली घालून तिच्या मागे बाहेर पडला.

घरी पोचताच त्याला दम धरवला नाही. “माय, तू चोरीसन मजुरीले जास ना? मी धाडस ते तुले पुरत नही का?”

“कोन जास मजुरीले?” मंदाबाई हसली. तिने त्याला परसात नेलं. मोरीच्या पाण्यावर वाढलेली एकच केळ तिथे उभी होती. एका पानाच्या देठाला ताजी चीर होती आणि तिच्यातून चीक ओघळत होता.

“रेशनना दुकानमा मना अंगठा पहिलाच डाव लागस,” ती म्हणाली.

प्रशीलने देठाच्या चिरेला बोट लावलं; ते चिकटलं.

“जलमभर तेनी माले वरथून टाकी दिन्हं,” मंदाबाई म्हणाली. तिचा आवाज आता हसरा नव्हता. “हात लागू दिन्हा नही. आते दर महिनाले चार मानसंसमोर तोच मना हात धरस, तेल लायीसन चोळस. अन् तू माले स्वस्तनं सांगस?”

तरी प्रशीलच्या मनातला तो जुना काटा निघत नव्हता.

“पन माय, तेले आपलं कमिशन भेटस ना!”

मंदाबाईने तेलकट अंगठा पदराला पुसला.

“भेटू दे, भाऊ. मजुरी ते देनीच पडस.”