निळी लोकर

टोपलीतली निळी लोकर पुन्हा कमी झाली होती. एर्मेलिंदाने सूत कातणारा हात थांबवला आणि दारातून सटकू पाहणाऱ्या लेकीला हाक मारली. दालिलाची मूठ घट्ट मिटलेली होती.

"शाळेत लागते," दालिला म्हणाली.

"कशाला?"

"खेळाला. घरी बोलायचं नाही म्हणाल्यात बाई. आईजवळसुद्धा नाही."

एर्मेलिंदाच्या मनात पाल चुकचुकली. खरं तर नोएमीबाई गावात आल्या त्या दिवसापासूनच ती चुकचुकत होती. पगार न घेता या डोंगरात कुणी शिकवायला येतं होय? म्हाताऱ्या म्हणायच्या, जुन्या गोष्टींतल्या राक्षसांसारखी ही माणसांची चरबी चोरायला आलेली असणार. त्यावर एर्मेलिंदा म्हणायची, मग थोडी स्वतःच्या काटकुळ्या अंगाला तरी लावायची की. पण हसणं ओठांपुरतंच. बाई स्वतःला त्रुहियो शहरातल्या म्हणवत आणि उकडलेला बटाटा मात्र गरम गरम, नखाने सोलून खात. शहरातली बाई असं खात नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

आणि भीती पाण्याचीच होती. त्यांच्या चिलकापाता गावाचा झरा खडकांच्या बेचक्यात दडलेला. बाहेरच्या माणसाला तो कुणी दाखवत नसे. दरसाल सगळं गाव झरा साफ करायला जाई, तेव्हा आलेल्या पाहुण्यालाही घरी बसवून ठेवत. खाणवाले अशाच झऱ्यांच्या शोधात फिरत. पलीकडच्या पेन्या ब्लांकाचा झरा त्यांनी कधीच कुंपणात घातला होता. तिथल्यांनी पैसे घेऊन पाणी विकलं, असं सगळा डोंगर म्हणे. त्या गावची मुलगी कुणी सून करून घेत नसे. एर्मेलिंदाच्या भावाने एकदा तिथल्या मुलीचं नाव काढलं, तर हिने त्यालाच घराबाहेर काढलं होतं.

आज दुपारी गावसभा होती. बाईंना ठेवायचं की हाकलायचं, हे तिथे ठरणार होतं. गावराखणीच्या पथकाचा म्होरक्या कास्तुलोकाका आधीच म्हणाला होता, की बायकांच्या पथकाची प्रमुख एर्मेलिंदा, तेव्हा ती सांगेल तसं. तिने रुंद काठाची टोपी डोक्यावर चढवली आणि ती दालिलाच्या मागोमाग निघाली.

शाळेच्या खिडकीतून तिने आत पाहिलं. पोरांनी जमिनीवर चिखलाचं अख्खं चिलकापाता मांडलेलं होतं. टेकड्या होत्या, वाटा होत्या, चर्चचा मनोरा होता. खडकांचं बेचकंसुद्धा होतं. ते ओळखलं आणि तिचं डोकं फिरलं. नोएमीबाईंनी खाणीच्या साहेबासारखी टोपी घातली होती, मुठीत खाऊच्या गोळ्या होत्या. साखरेत घोळवलेल्या आवाजात त्या विचारत होत्या, "बाळांनो, तुमच्या गावात पाणी कुठून येतं रे?"

एक मुलगा उठला. त्याने गोळी घेतली आणि निळ्या लोकरीचा पुंजका ओसाड टेकडीच्या माथ्यावर ठेवला. दुसरीने तो स्मशानामागे ठेवला. दालिलाने तर थेट कास्तुलोकाकाच्या डुकरांच्या खोपटात. पोरं खिदळली. एर्मेलिंदाला लेकीचं कौतुक वाटलं. कार्टी बाईंना छान बनवत होती.

मग सगळ्यांत धाकटा एलमेर उठला. त्याने लोकर नेमकी बेचक्यात ठेवली, तशी बाकीच्या पोरांनी जीभ चावली. झालं, एर्मेलिंदाला वाटलं, गेलं आपलं पाणी.

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी तो पुंजका उचलला. तो एलमेरच्या मुठीत परत कोंबून त्या म्हणाल्या, "नाही रे राजा. गोळी खायची, झरा द्यायचा नाही. चल, पुन्हा."

एर्मेलिंदा आत शिरली तशी पोरं भराभर उठून उभी राहिली. हे आम्हाला का नाही सांगितलंत, असं तिने दरडावून विचारलं.

"तोंड मिटून ठेवायलाच तर शिकवतेय," बाई म्हणाल्या.

"आणि हे तुम्हाला कुणी शिकवलं? त्रुहियोत शिकवतात?"

नोएमीबाईंनी डोक्यावरची टोपी काढली. चिखलातल्या शेवटच्या टेकडीपलीकडे नुसती फरशी होती. त्या तिकडेच बघत राहिल्या.

"मी पेन्या ब्लांकाची," त्या म्हणाल्या. "आम्ही पाणी विकलं नव्हतं, ताई. गोळ्या वाटत साहेब आले तेव्हा मी या एलमेरएवढी होते. आम्हाला हा खेळ कुणी शिकवला नव्हता."