मेथीची पानं

“मॅडम, ते तीन उंदीर माझ्यामुळं मेले.”

तेजलने मान वर केली. दारात वाळूमामा उभे होते. प्रयोगशाळेतले पिंजरे झाडायचं आणि उंदरांना खायला घालायचं काम त्यांचं.

“मखमलाबादहून येताना घरची मेथी आणायचो. रोज तेच तुपकट खाणं, बिचाऱ्यांच्या तोंडाला चव नाय. पण मेथीवर फवारणी झाली व्हती, ते ध्यानातच नाय आलं. मला कामावरून काढा. घास उतरत नाय हो.”

तेजलला राग यायला हवा होता. आला नाही. उलट तिला हायसं वाटलं, आणि त्याची तिला लाजही वाटली.

चार वर्षं ती एकाच संयुगामागे होती. यकृताच्या पेशींत चरबी किती बनवायची ते एक प्रथिन ठरवतं. तिचं संयुग त्या प्रथिनाला वेसण घालत होतं. औषध दिलेल्या बारांपैकी नऊ उंदरांच्या यकृतातली चरबी उतरली होती. तीन मात्र मेले होते. आज अहवाल जायचा होता, आणि त्यानंतर औषध माणसांच्या पोटात. “त्या तिघांचं दुसरं काहीतरी कारण शोधा,” साहेबांनी सकाळीच बजावलं होतं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन! कारणही मिळालं, कबुली देणारा माणूसही.

तिने टाइप केलं : ‘तिन्ही मृत्यू फवारलेल्या भाजीमुळे. निष्कर्षांतून वगळले.’

“कुठल्या पिंजऱ्यांना घालायचात मेथी?” नोंदीपुरतं तिने विचारलं.

“समद्यांना. औषधवाले बारा अन् बिनऔषधाचे बारा. एकाला द्यायची अन् दुसऱ्याला नाय, आसं कसं करायचं? पानं मोजून वाटायचो.”

तेजलची बोटं थांबली. बिनऔषधाच्या बारांपैकी एकही मेला नव्हता. सगळे टुणटुणीत होते.

वाळूमामा उपरण्याने डोळे पुसत होते. ती गप्प राहिली असती तरी चाललं असतं. त्यांनी जन्मभर ते पाप आपलंच मानलं असतं.

“मामा, तुमच्या मेथीने कुणीही मेलं नाही.”

“मग कशानं मेले, मॅडम?”

तेजलने नुकतीच लिहिलेली ओळ पुसून टाकली.

“माझ्यामुळे, मामा. माझ्या औषधाने.”