सारपिनची परीक्षा

पडद्यामागची बाकं सोमवारी उचलणार होते. तिथे आता बोलपटाचे भोंगे बसायचे होते. त्याआधी, शनिवारी सकाळी, थिएटरचे मालक लिम यांनी दोघांना बोलावून घेतलं. सारपिनला परीक्षा द्यायला आणि सुमोदिर्जो मास्तरांना ती घ्यायला.

जावातल्या मालांगच्या शाळेत मास्तरांनी एकतीस वर्षं मुलांची बोटं धरून अक्षरं गिरवून घेतली होती. एकाही पोराला आपण उगाच नापास केलं नाही, याचा त्यांना अभिमान होता.

“काम सोपं आहे,” मालक म्हणाले. “बोलपट बोलणार इंग्रजीत. आपल्या लोकांना काय कळणार, कप्पाळ? म्हणून खेळाआधी कुणीतरी पुढे उभं राहून गोष्ट मलय भाषेत वाचून दाखवायची. छापलेली, जशीच्या तशी. हा म्हणतो, मीच वाचणार.”

“अठरा वर्षं वाचतोय, मालक,” सारपिन हळूच म्हणाला.

ते खरं होतं. पडद्यामागच्या स्वस्त बाकांना गावात बकऱ्यांचा वर्ग म्हणत. हमाल, गाडीवान, भाजीवाल्या तिथे दाटीवाटीने बसत. मूकपटातली मलय मजकुराची पाटी पडद्यावर आली की सारपिन ती मोठ्याने वाचायचा. मग कुठे हसायचं आणि कुठे रडायचं, ते वर्गाला कळायचं. हे काम गेलं तर त्याला साखर कारखान्यावर ऊस वाहायला जावं लागणार होतं, आणि साठीला आलेल्या पाठीला ते झेपणारं नव्हतं.

“शिकलात कुठे?” मास्तरांनी विचारलं.

“इथेच, मास्तर. बायस्कोपात.”

मालक खो खो हसले. “घ्या! माझ्या थिएटरात शाळा भरते आणि मलाच पत्ता नाही.”

मास्तरांनी छापलेला पुठ्ठा सारपिनच्या हातात दिला. मोठी ठसठशीत रोमन अक्षरं होती. सारपिनने पुठ्ठा घेतला, फिरवला आणि कोरी बाजू डोळ्यांसमोर धरून खिडकीच्या उजेडाकडे वळला. बराच वेळ तो तसाच बघत राहिला.

“अहो, कोरी बाजू वाचतोय हा!” मालक ओरडले. “सारपिनबाबा, छापलंय ते इकडे. सोंगं पुरेत आता.”

“पुठ्ठा फार जाड आहे, मालक,” सारपिन पुटपुटला.

मास्तरांना वाईट वाटलं. त्यांनी स्वतः पुठ्ठा नीट करून त्याच्या हातात दिला. “घाबरू नका. सावकाश होऊ द्या. पहिलं अक्षर कोणतं?”

सारपिनचं बोट ओळीच्या उजव्या टोकाला गेलं. मास्तरांनी मान हलवली. बिचाऱ्याने जन्मात मशिदीतली अरबी अक्षरं तेवढी पाहिली असतील. ही ओळ कुठून सुरू होते तेही त्याला ठाऊक नाही. त्यांनी ते बोट हळूच उचलून डाव्या टोकाला ठेवलं. पहिलीतल्या मुलांचं ठेवत तसंच.

“हा आ,” सारपिन म्हणाला. “हा ओ. हा म.” मग तो थांबला. “बाकीची... मास्तर, बाकीची अशी नसतात.”

“कशी नसतात?”

सारपिनने तोंड उघडलं, मालकांकडे पाहिलं आणि मिटून घेतलं. प्रत्यक्ष मास्तरांसमोर अक्षरांबद्दल आपण काय बोलायचं?

“म्हणजे अठरा वर्षं मनचंच ठोकत होतास, लबाडा!” मालक म्हणाले.

मास्तरांनी लिहिलं, ‘या इसमास वाचता येत नाही,’ आणि खाली सही केली. काम मालकांच्या कारकुनाला मिळालं.

रविवारी दुपारी शेवटचा मूकपट होता. मास्तर पुन्हा आले. रात्रभर त्यांना चैन पडली नव्हती. त्यांनी पहिलीचं पुस्तक बरोबर आणलं होतं.

“सारपिनबाबा, माझ्या वर्गात येऊन बसत चला. वयाची लाज नको. सहा महिन्यांत वाचायला लागाल.”

सारपिनने पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं आणि मान लववली. “आज आमच्यात बसता का, मास्तर? उद्यापासून ही बाकं नसतील.”

मास्तर आजवर नेहमी पुढच्या खुर्चीत बसले होते. ते पहिल्यांदाच पडद्याच्या मागे गेले.

बातमी त्यांच्याआधी पोचली होती.

“आले बघा पंडित!” एका गाडीवानाने शेंगांची टरफलं सारपिनच्या पायाशी भिरकावली. “अठरा वर्षं थापा ऐकवल्यास होय रे आम्हाला?”

“बायस्कोपातल्या त्या राणीसाठी मी आठवडाभर रडले, मेल्या,” एक भाजीवाली म्हणाली. “खरंच मेली होती का ती?”

सारपिन सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसला.

“आज मास्तर वाचतील,” गाडीवान म्हणाला. “खरं काय लिहिलेलं असतं, ते एकदा तरी कळू दे.”

लोकांनी सरकून मास्तरांना मधोमध जागा दिली. कुणीतरी पडद्यावर बादलीभर पाणी मारलं. ओल्या कापडातून चित्र स्वच्छ दिसे. दिवे गेले. पलीकडून, खुर्च्यांच्या बाजूने, झोत आला आणि पहिली पाटी उमटली.

“वाचा, मास्तर!”

मास्तरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. सगळी अक्षरं आरशातल्यासारखी उलटी, त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. ओळ उजव्या टोकापासून सुरू होत होती.

“वाचा की!”

मागच्या बाकावर सारपिन सवयीने स्वतःशीच पुटपुटला, कुठेही न अडखळता, “सासूबाई, तुमची कोंबडी माझ्या टोपीत बसली आहे.”

पलीकडे खुर्च्यांतले लोक त्याच क्षणी खदखदून हसले. मास्तरांना अजून पहिलं अक्षर लागलं नव्हतं.